सापडली एका रात्रीत, ओळखायला नऊ वर्षं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात तुडतुड्याच्या एका नव्या जातीची बातमी आली. तीनच दिवसांनी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी विचारलं, की असले हिरवे किडे रात्री दिव्याभोवती शेकड्यांनी येतात, मग त्यातला हाच नवा हे कुणी आणि कशावरून ठरवलं? पत्राचा सूर जरा चिडलेला होता. पण प्रश्न नेमका होता आणि त्याचं उत्तर बातमीत कुठेच नव्हतं. ते देण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. जरा लांबेल, पण शक्य तर कापू नका.

मी शास्त्रज्ञ नाही. सव्वीस वर्षं कीटकशास्त्रज्ञांसाठी आकृत्या काढते आहे आणि त्यातली एकोणीस तर निव्वळ तुडतुड्यांची. बातमीतल्या जातीच्या आकृत्याही माझ्याच हातच्या. म्हणजे त्या साडेचार मिलिमीटरच्या किड्याकडे सगळ्यांत जास्त वेळ टक लावून बसलेली व्यक्ती बहुधा मीच.

आधी तुडतुडा कुणाला म्हणायचं ते सांगते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. उडी मारणारा कुठलाही बारीक किडा आपल्याकडे तुडतुडा होतो. भातावरच्या ज्यांना सर्रास ‘तपकिरी तुडतुडे’ म्हणतात ते खरं तर वेगळ्याच गटातले. त्यांच्या स्पर्शिका डोळ्यांच्या खालून निघतात आणि मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाशी एक हलणारा काटा असतो. ज्यांची पिल्लं झाडावर फेसाचा गोळा करून त्यात बसतात त्या किड्यांच्या नडगीवर एकदोनच जाड काटे दिसतात आणि टोकाला काट्यांचा गुच्छ. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या कुळाचं नाव सिकाडेलिडी. यांच्या मागच्या नडगीवर कंगव्याच्या दातांसारख्या काट्यांच्या रांगाच्या रांगा असतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घेतलं तरी त्या स्पष्ट दिसतात. देठावर बोट नेलं की हा किडा खेकड्यासारखा बाजूला सरकून देठाच्या मागे जातो, आणि फारच जवळ गेलं की उडी.

त्या काट्यांचा उपयोग मला कामाला लागल्यावर फार वर्षांनी कळला. तुडतुड्याच्या उत्सर्जन नलिकांमध्ये प्रथिनांचे अतिसूक्ष्म गोल कण तयार होतात, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. त्यांना ब्रोकोसोम म्हणतात. किडा ते बाहेर काढतो आणि याच काट्यांच्या पायांनी अंगभर चोपडतो. मग अंगाला पाणी चिकटत नाही आणि स्वतःचा चिकट मळही चिकटत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण फुटबॉलसारखे दिसतात, वर मधमाशांच्या पोळ्यासारखी खळगी असलेले. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी दुसरं काहीच काम केलं नाही.

आता रंगाकडे येते. पत्रलेखक म्हणतात, हिरवा तो हिरवा. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनीअसनंही 1758 साली एका तुडतुड्याला ‘व्हिरिडिस’, म्हणजे हिरवा, एवढंच नाव दिलं होतं, कारण तेव्हा तेवढ्यावर भागत होतं. आज या कुळातल्या वीस हजारांहून अधिक जाती वर्णन झालेल्या आहेत आणि हिरव्या किती याची गणती नाही. शिवाय हा हिरवा रंग टिकत नाही. किडा मेला की काही महिन्यांत तो पिवळट होतो, अल्कोहोलमध्ये ठेवला तर त्याहून लवकर. नुकती कात टाकलेला किडा फिका असतो, त्यावरचे ठिपके पूर्ण उमटलेले नसतात. नर आणि मादी तर पुष्कळदा दोन वेगळ्या जातींचे वाटावेत इतके निराळे. काही गटांत पंखांवरच्या नक्षीचा चांगला उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण निव्वळ रंगावर नवी जात जाहीर करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

ओळख असते नराच्या पोटात. वर्तमानपत्रात असं लिहायला संकोच वाटण्याचं कारण नाही, कारण जगभर तुडतुडे असेच ओळखले जातात. बाहेरून एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन जातींच्या नरांची जननेंद्रियं आतून पूर्णपणे वेगळी असू शकतात. हेम सिंग प्रुथी यांनी 1925 मध्ये या किड्यांच्या साऱ्या गणातल्या नर-जननेंद्रियांच्या रचनेवर विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे तुडतुड्यांची वर्णनं लिहिताना तो आधार अपरिहार्य झाला. त्याआधी डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी 1902 ते 1918 या काळात ब्रिटिश भारतातल्या या गणाच्या कीटकांवर सात खंड लिहिले. प्रचंड काम. पण त्यातली वर्णनं जवळजवळ सगळी बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची: डोकं किती लांब, रंग कोणता, ठिपका कुठे. आजची निम्मी डोकेदुखी त्या सात खंडांतून येते आणि त्या खंडांशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही.

पोटात बघायचं कसं, तर पुठ्ठ्याच्या बारीक त्रिकोणाच्या टोकावर चिकटवलेल्या सुकलेल्या किड्याचं उदर बारीक सुईनं अलगद सुटं करायचं. ते कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात रात्रभर ठेवायचं. घाई असली तर काही मिनिटं गरम करतात, पण मी नेहमी रात्रभर ठेवावं असंच सांगत आले आहे. सकाळी आतले स्नायू आणि चरबी विरघळलेली असतात आणि कवच तेवढं काचेसारखं पारदर्शक उरतं. पाण्यात दोनतीनदा धुवायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात, खळगा असलेल्या काचपट्टीवर ठेवायचं. मग बाहेरचं आवरण, त्याच्या खालच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन आकड्या आणि त्यांना जोडणारा इंग्रजी वाय किंवा यूच्या आकाराचा तुकडा, असं एकेक वेगळं करत ईडीगसपर्यंत पोचायचं. हा नराचा मुख्य अवयव, अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. कुठे हंसाच्या मानेसारखा वाकलेला, कुठे टोकाला दोन शिंगं, कुठे बाजूला करवतीचे दात. आमच्या जातीत त्याच्या मधोमध एक आखूड काटा आहे, मागे वळलेला. ती ज्या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, मोडते त्यातल्या वर्णन झालेल्या दुसऱ्या कुठल्याही जातीत तो नाही. अख्खी जात त्या काट्यावर उभी आहे म्हटलं तरी चालेल.

आकृती काढून झाली की सगळे तुकडे ग्लिसरीन भरलेल्या चिमुकल्या नळीत जातात आणि ती नळी त्याच किड्याच्या टाचणीला, किड्याखाली टोचून ठेवतात. हा नियम मी कधी मोडू दिला नाही. उदर एका टाचणीचं आणि किडा दुसऱ्या टाचणीचा अशी अदलाबदल झाली तर पुढची शंभर वर्षं लोक चुकीच्या किड्यावर वाद घालत बसतील.

आकृती काढण्यात जे चुकतं त्याबद्दल आकृती काढणाऱ्यांनीच बोललं पाहिजे, म्हणून लिहिते. ईडीगस ग्लिसरीनमध्ये तरंगतो. तो पाच-दहा अंश कलंडला की त्याचा बाक बदललेला दिसतो, काटा लांब किंवा आखूड वाटतो. याच कामात, तिसऱ्या वर्षी, मी दोन नरांच्या आकृत्या काढल्या. एकात काटा खोडाला चिकटून, दुसऱ्यात स्पष्ट बाहेर आलेला. दोन जाती आहेत म्हणून सगळे हरखले. आठवडाभर मला ते खटकत राहिलं. शेवटी दोन्ही नळ्या पुन्हा उघडल्या आणि दोन्ही ईडीगस अगदी एकाच कोनात, घट्ट ग्लिसरीनमध्ये रुतवून बसवले. काटे सारखे. कलंडला होता तो नमुना. तेव्हापासून मी प्रत्येक अवयव बाजूनं आणि मागून, असा निदान दोन दिशांनी काढते, आणि एकाच नरावर थांबत नाही. दोन जाती गेल्याचं तेव्हा टीममध्ये कुणाला वाईट वाटलं असेल. मला मात्र फार मोठा धोका टळल्यासारखं वाटलं, कारण ती आकृती छापली गेली असती तर तिच्याखाली माझं नाव असतं आणि नसलेल्या जातीचं नाव कुणाच्या तरी शोधनिबंधांत फिरत राहिलं असतं.

पत्रलेखकांच्या प्रश्नाचा खरा गाभा तरी यापुढेच आहे. काटा वेगळा आहे हे ठीक, पण शंभर वर्षांपूर्वी कुणी हाच किडा दुसऱ्या नावानं नोंदवून ठेवला नसेल कशावरून? या कामाला नऊ वर्षं लागली ती मुख्यतः या एका प्रश्नामुळे. पहिला नर प्रकाश-सापळ्यात एका रात्रीत आला. पुढची चार वर्षं आणखी नर आणि माद्या गोळा करण्यात गेली. उरलेला काळ हा किडा कुणाचा तरी जुना, विसरलेला किडा नाही ना, हे तपासण्यात गेला.

त्या वंशातलं एक जुनं नाव आम्हाला सतत आडवं येत होतं. आकार तोच, डोक्यावरची काळी रेघ तीच, वर्णन सहा ओळींचं. आणि ते केलेलं होतं एकाच मादीवरून. मादीत ईडीगस नसतो! म्हणजे आमच्या हातात नराचा काटा आणि समोर मादी, जिच्याशी त्या काट्याची तुलनाच होऊ शकत नाही. असे प्रसंग या कामात वारंवार येतात आणि पुष्कळ चांगली कामं तिथे वर्षानुवर्षं अडून राहतात.

वाट मादीकडूनच काढावी लागली. आधी आमचे नर आणि आमच्या माद्या एकाच जातीचे आहेत हे पक्कं करायचं होतं. एका झुडपावर एकत्र सापडले एवढ्यावर भागत नाही, एका झुडपावर तीन जाती सुखानं राहतात. इथे डीएनए कामी आला. कीटकांमध्ये ओळखीसाठी बहुधा 658 अक्षरांचा एक ठरावीक जनुकखंड वाचतात. आमच्या चार माद्यांचा खंड नरांशी जुळला, पाचवी जुळली नाही, ती वगळली. मग मादीच्या पोटाखालच्या सातव्या पट्टीकडे वळलो. अंडी घालायच्या अवयवाच्या अलीकडे ही पट्टी असते आणि तिची मागची कड जातीजातींत वेगळी असते. आमच्या माद्यांत ती जवळजवळ सरळ. जुन्या वर्णनात तिचा उल्लेखच नव्हता, म्हणून तो मूळ नमुना जिथे ठेवला आहे त्या संग्रहालयाला तिचे फोटो मागितले. सात महिने वाट पाहिली. एका सकाळी फोटो आले. पिवळी पडलेली, एक पंख तुटलेली मादी, टाचणीवर जुन्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, आणि सातव्या पट्टीच्या मागच्या कडेला मधोमध खोल, टोकदार खाच. कुणीतरी कात्रीनं कापावी तशी. मी फोटो मोठा केला, आमची आकृती शेजारी ठेवली आणि बराच वेळ काहीच बोलले नाही. आमचा किडा नवा आहे हे मला कळलं ते त्या क्षणी. प्रकाश-सापळ्याच्या रात्री ते कळण्याचा काही मार्गच नव्हता.

नाव देण्याचेही नियम आहेत आणि ते कडक आहेत. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिची सध्याची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. नव्या जातीचं वर्णन इतरांपासून ती कशी वेगळी आहे हे शब्दांत सांगणारं हवं. जात नवी आहे असं स्पष्ट लिहायला हवं. कोणत्या नमुन्यावर ते नाव कायमचं बांधलं आहे आणि तो नमुना कुठल्या संग्रहात राहील तेही जाहीर करावं लागतं. त्या एका नमुन्याला होलोटाइप म्हणतात. आमचा होलोटाइप म्हणजे तिसरा नर, ज्याचे दोन्ही पंख शाबूत आहेत. त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावायची, ती मी लिहून ठेवली आहे.

ठेवली आहे, लावलेली नाही. कारण शोधनिबंध अजून प्रसिद्ध झालेला नाही, आणि इथे माझी आपल्याकडे तक्रार आहे. आपल्या बातमीत ते नाव छापलं गेलं. ते कुणी पुरवलं मला ठाऊक नाही, बातमीदारानं वाईट हेतूनं छापलं असंही मी म्हणत नाही. पण वर्णनाशिवाय, होलोटाइपशिवाय छापलेलं नाव नियमांच्या दृष्टीनं नागडं असतं, खरोखरच त्याला लॅटिनमध्ये तसाच शब्द आहे. त्याला काही किंमत नसते आणि तरीही ते पसरतं. कुणी ते यादीत टाकतं, कुणी फोटोखाली लिहितं. उद्या निबंध तपासणाऱ्या परीक्षकांच्या सांगण्यावरून आम्ही ते बदललं तर एकाच किड्याची दोन नावं लोकांत राहतील, त्यातलं एक कशालाच न बांधलेलं. म्हणून या पत्रात मी ते पुन्हा लिहिलेलं नाही. पुढे अशी बातमी आली तर आधी एवढं विचारा: निबंध प्रसिद्ध झाला का, किती नमुने पाहिले, फरक नेमका कशात आहे, होलोटाइप कुठे आहे. चार ओळी लागतील. 2022 च्या सुरुवातीला युगांडातल्या किबाले अरण्यात मिळालेल्या फ्लॉजिस किबालेन्सिस या तुडतुड्याची बातमी जगभर आली. तिच्यात धातूसारख्या चकाकीचं कौतुक होतंच, पण नराच्या जननेंद्रियाचा काही भाग पानासारखा आहे हेही होतं, आणि त्या वंशाची आधीची नोंद 1969 ची, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली आहे हेही. म्हणजे सामान्य वाचकांसाठीही हे लिहिता येतं.

पत्रलेखकांनी शेवटी विचारलं होतं, की एवढं करून कुणाला काय फायदा. त्यांच्या दिव्यावरचे हिरवे किडे, पंखांची टोकं काळी असतील तर, बहुधा नेफोटेटिक्स या वंशातले. भाताचे हिरवे तुडतुडे. त्यांच्यातही एकमेकींशी मिळत्याजुळत्या अनेक जाती आहेत. नेफोटेटिक्स नायग्रोपिक्टसच्या डोक्यावर पुढच्या कडेलगत काळी पट्टी असते, व्हिरेसेन्सच्या डोक्यावर नसते, आणि अधिक खात्रीसाठी पुन्हा ईडीगसवरचे दात मोजावे लागतात. भाताचा टुंग्रो रोग दोन विषाणूंच्या जोडीनं होतो आणि तो पसरवण्यात व्हिरेसेन्स सगळ्यांत तरबेज. पण टुंग्रोवरच्या सुरुवातीच्या निबंधांत हा किडा ‘इम्पिक्टिसेप्स’ या नावानं आढळतो. डिस्टंटनी 1908 मध्ये वर्णन केलेला व्हिरेसेन्स तो हाच, हे नंतर जुने नमुने तपासल्यावर स्पष्ट झालं. ज्याला हे माहीत नाही तो जुने प्रयोग आणि नवे प्रयोग दोन वेगळ्या किड्यांवरचे समजून वाचेल. रोगावर काम करणाऱ्याला आधी समोरचा किडा कोणता हे कळायला हवं.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुडतुडे एकमेकांना ओळखायला यातलं काहीच वापरत नाहीत. नर पोटातले पडदे थरथरवतो, ती कंपनं पायांतून देठात उतरतात आणि दुसऱ्या पानावर बसलेली मादी पायांनीच ती ऐकते. आपल्या कानाला काही येत नाही. फ्रे ओसियानिलसन या स्वीडिश अभ्यासकानं 1949 मध्ये यावर मोठा प्रबंध लिहिला आणि जातीजातींचे सूर वेगळे असतात हे दाखवलं. आमच्या जातीचं गाणं अजून कुणी नोंदवलेलं नाही. आमच्याकडे तिचे सगळे नमुने मेलेले आहेत. त्या झुडपांपाशी कुणी जिवंत नर आणि कंपन टिपणारं उपकरण घेऊन बसावं अशी माझी फार इच्छा आहे.

निबंध सध्या परीक्षकांकडून परत आला आहे. एकानं आकृती 7 मधली मादीची सातवी पट्टी पुन्हा काढायला सांगितली आहे, थोडी अधिक सपाट ठेवून, कारण सध्याच्या आकृतीत तिची कड किंचित अंतर्वक्र भासते. त्याचं म्हणणं बरोबर आहे. नळी आज सकाळी उघडली आहे, ग्लिसरीन स्थिर व्हायला थोडा वेळ लागेल, तेवढ्यात हे पत्र लिहून झालं.

आपली,
एक कीटकचित्रकार